एसबीसीएलच्या दर महिन्याच्या ‘बग फिक्स’ यादीतून काय घ्यायचं, आणि अपग्रेड करायचं का?

तुमचा प्रश्न असा आहे : ऑफिसात एसबीसीएलची (हा कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) १.४ मालिकेतली, २०१८ सालची आवृत्ती आहे, काही अडत नाही. नव्या आवृत्त्यांच्या यादीत ओळीमागून ओळ ‘बग फिक्स’ दिसते. मग चालतंय त्याला हात का लावायचा?

हात लावा, असं माझं मत आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांसाठी सूत-हिशोबाचा प्रोग्रॅम लिहितो, कॉमन लिस्पमध्ये. ऑर्डर आली की ग्राउंडच्या (टॉवेलच्या तळाच्या) बीमला किती सूत, पाइलच्या (वरच्या फासांच्या) बीमला किती, बाण्याला किती, कुठल्या नंबरचं किती किलो मागवायचं, हे तो काढून देतो. इथे कंपायलर चुकला तर ट्रकभर चुकीचं सूत दारात येऊन उभं राहतं. म्हणून दर महिन्याच्या शेवटी ती यादी मी वाचतोच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कॉमन लिस्पचं अधिकृत मानक (स्टँडर्ड) १९९४ सालचं आहे आणि भाषा तिथेच स्थिर आहे. दर महिन्याला बदलतो तो कंपायलर. एसबीसीएल १९९९ च्या डिसेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सीएमयूसीएल या कंपायलरमधून वेगळा झाला (कार्नेगीचं पोलाद आणि मेलनची बँक, त्यावरून स्टील बँक हे नाव), २००६ ला १.० आणि २०१९ ला २.०.० आली. म्हणजे तुमचा कोड जुना झालेला नाही. त्याचा अर्थ लावणारा मात्र इतक्या वर्षांत बराच शहाणा झालाय.

यादीतल्या ओळी सारख्या दिसल्या तरी सारख्या वजनाच्या नसतात. ‘कंपायलर अमुक कोडवर अंतर्गत चूक दाखवून थांबायचा, आता थांबत नाही’ अशी ओळ असेल तर निवांत पुढे जा. तो थांबत होता, म्हणजे तुम्हाला कळत होतं. जिथे ‘चुकीचा कोड तयार व्हायचा’ किंवा ‘प्रकाराचा (टाइपचा, म्हणजे किंमत कुठल्या जातीची याचा) अंदाज चुकायचा’ असं लिहिलंय, तिथे थांबून पुन्हा वाचा. तशी चूक ओरडत नाही. प्रोग्रॅम नीट कंपाइल होतो, नीट चालतो आणि एखाद्या आकड्यावर चुकीचं उत्तर देतो.

असं होतं कसं? एसबीसीएलचा कंपायलर प्रत्येक व्हेरिएबलची किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते, याचा माग काढत जातो. समजा त्यानं ठरवलं की हा आकडा ० ते १०० मध्येच राहणार. मग ‘१०० पेक्षा मोठा असेल तर’ ही तुमची फांदी त्याला निरर्थक वाटते आणि तो ती कापून टाकतो. अंदाज बरोबर असेल तर प्रोग्रॅम पळतो. पण खरी मर्यादा १०१ असेल, तर नेमकी तुम्ही काळजीनं लिहिलेली तपासणीच गायब झालेली असते. वेग आणि हा धोका, दोन्ही एकाच कामातून येतात. म्हणून ज्या आवृत्तीत नव्या सुधारणा जास्त, तिच्या पुढच्या एक-दोन महिन्यांच्या याद्या मी अधिक बारकाईनं बघतो.

अशा चुका माणसाच्या नजरेला सापडणं फार कठीण. पॉल डिट्झ यांनी कॉमन लिस्पसाठी लिहिलेल्या चाचण्यांचं इथे मोठं ऋण आहे. त्यांच्याकडे एक यादृच्छिक तपासणीही आहे : वाटेल तशी गणिती राशी तयार करायची, एकदा सगळ्या युक्त्या वापरून आणि एकदा शक्य तितक्या साधेपणानं कंपाइल करायची आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं. एसबीसीएलच्या जुन्या याद्यांमध्ये त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. मला हे फार आवडतं. इतक्या चिकाटीनं केलेलं काम कुणाला दिसत नाही, पण आपले सगळ्यांचे हिशोब त्यावर उभे आहेत.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी मी आवृत्ती बदलली आणि माझ्याच कोडवर बिल्ड अडली. इशारा असा होता की प्रोग्रॅममध्ये कायमची लिहिलेली यादी तुम्ही ‘सॉर्ट’ला (क्रम लावणाऱ्या फंक्शनला) दिली आहे आणि सॉर्ट तिची मोडतोड करतं. सूत नंबरांची यादी होती ती. मधे एक व्हेरिएबल होतं, त्यामुळे जुन्या कंपायलरला हे दिसलं नव्हतं. सॉर्ट यादीतले खण जागच्या जागी नव्यानं जोडतं. फंक्शन दुसऱ्यांदा चाललं की ते मूळ पहिल्या खणालाच जाऊन धरतं, पण तो खण आता ओळीच्या मधे गेलेला असतो. त्याच्यापुढचे नंबर उरतात, आधीचे गळतात. आमचा रिपोर्ट बहुतेक दिवशी सकाळी एकदाच निघायचा, म्हणून खपून गेलं. ज्या दिवशी दुपारी पुन्हा काढला, त्या दिवशी एखादा नंबर गायब, आणि स्टोअरचे काका ती ओळ मुकाट्यानं पेनानं भरायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘अधूनमधून राहतंय की ओ, आम्ही लिहून घेतो.’ चूक सर्वस्वी माझी होती. नवा कंपायलर नसता तर ती अजून तिथेच असती. तुमचं ‘काही अडत नाही’ वाचलं आणि मला तेच आठवलं. कुणीतरी पेनानं भरत नाही ना, एवढं एकदा विचारून बघा.

यादीत ‘किरकोळ विसंगत बदल’ असाही एक प्रकार असतो. नावात किरकोळ आहे म्हणून सोडू नका. पूर्वी सर्व्हरवर लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) ठरवलेलं नसेल तर फाइल लॅटिन-१ या देवनागरी न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये आहे असं समजून वाचली जायची, पुढे सगळ्या लिप्या मावणारं युटीएफ-८ हे डीफॉल्ट झालं. देवनागरीत पार्ट्यांची नावं ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा बदल वरदान होता. पण वाचताना एन्कोडिंग स्पष्ट सांगायची सवय ठेवा, म्हणजे कुठल्याही आवृत्तीत फरक पडत नाही.

आणि कोडमध्ये ‘सेफ्टी शून्य’ (तपासण्या गाळ, असं कंपायलरला सांगणारी सूचना) कुठे असेल तर अपग्रेडच्या आधी ते काढून चाचण्या चालवा. त्या ठिकाणी तुम्ही दिलेला प्रकार कंपायलर न तपासता खरा मानतो. जुन्या आवृत्तीत खोटा प्रकार योगायोगानं पचला असेल, नवी त्याच खोट्यावर आणखी फांद्या कापेल.

बाकी कामाचं थोडक्यात. जुनी आवृत्ती पुसू नका, नवी शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये बांधा. एका आवृत्तीची कंपाइल केलेली फाइल दुसरी उचलत नाही, त्यामुळे सगळं नव्यानं कंपाइल होईल, आणि इमेज (चालू प्रोग्रॅमच्या मेमरीची पूर्ण प्रत) साठवून एक्झिक्युटेबल बनवत असाल तर तीही पुन्हा बनवावी लागेल. मग गेल्या वर्षभराच्या खऱ्या ऑर्डरी दोन्हीकडून चालवा आणि आउटपुट ओळीला ओळ जुळवा. मधल्या सगळ्या याद्या वाचून काढा, एक पूर्ण सुट्टीचा दिवस जाईल. उत्तर कुठे वेगळं आलं, तर मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत कुठल्या महिन्यात फरक पडला ते शोधा. आवृत्त्या महिन्याच्या असल्यानं हे आठ-दहा फेऱ्यांच्या आत सापडतं. आणि नव्या आवृत्तीचं उत्तर खरोखर चुकीचं निघालं, तर कोड कापत कापत पाच-सात ओळींवर आणा आणि एसबीसीएलच्या लोकांना कळवा.