नवसाचा पंखा, आणि देवाला ‘तू’ म्हणायचं का?

या वेळी तीनच पत्रं घेतलीत, पहिल्याचंच उत्तर लांबलं, बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : बाई, सलाम. मी खानापूर तालुक्यातली. मालक बेळगावात उद्यमबागला एका फौंड्रीत आहेत. दोन वर्षांमागं टेंपररी होते तेव्हा मी प्रार्थनेत बोलून बसले की प्रभू, ह्यांना पर्मनंट कर, मी चर्चला सीलिंग फॅन देते. झाले पर्मनंट. पण मग पोरीची फी आली, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन आलं, आणि फॅन राहिला तो राहिलाच. आता दिवाळीच्या आधी त्यांच्या हातावर साचा पडला, दोन बोटं गेली. जाऊबाई म्हणाल्या देवाशी बोली केलीस आणि फिरवलीस, आता भोग की, आणि बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकातली ओळ काढून दाखवली. तेव्हापासून मी रोज प्रार्थना करते पण ती नुसती भीतीनं, अजून काही व्हायला नको म्हणून. पोरगी खोकली तरी मला फॅनच दिसतो. रविवारी पुढं उभं राहून गाणं म्हणायचे तेही सोडलं. देव खरंच असा आहे का? आणि फॅन आता दिला तर चालतो का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, हातातला चहा गार झाला. आधी सरळ सांगते, बोटं गेली ती फॅनपायी नाही. साचा का पडला, चेन सरकली का हुक झिजला होता, हे कारखान्यात विचारायचं, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, काय ते बघायचं, भरपाईचे कागद करायचे. ते सगळं देवाच्या नावावर ढकललं की ज्याचं काम होतं तो बाजूला राहून सुटतो, आणि तुम्ही घरात बसून स्वतःला खात राहता.

आता जाऊबाईंची ओळ. ती आहे, मी लपवत नाही. उपदेशकाच्या 5 व्या अध्यायात म्हटलंय की नवस केलास तर फेडायला उशीर लावू नको, फेडायचा नसेल तर करूच नको. पण जाऊबाई तिथंच थांबल्या, आणि आपल्याकडं बहुतेक जण तिथंच थांबतात कारण पुढं-मागं उलटायला कंटाळा. लेवीयचं पुस्तक काढा, शेवटचा म्हणजे 27 वा अध्याय. तिथं माणूस देवाला वाहायचा नवस केला तर त्याच्या बदली किती चांदी द्यायची त्याचे आकडेच दिलेत, जाणत्या वयाच्या पुरुषाला 50 शेकेल, बाईला 30, असं. आणि लगेच 8 व्या वचनात काय, तर नवस करणारा गरीब असेल आणि एवढं झेपत नसेल तर याजकानं, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यानं, त्याची ऐपत बघून रक्कम ठरवावी. बघा की! नियमाच्या पोटातच सवलत. लेवीयच्याच 5 व्या अध्यायात पापार्पणाचंही तेच, कोकरू जमत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं, तेही जमत नसेल तर थोडं सपीठ आण, चालतं. आणि बाळ येशूला घेऊन मरीया-योसेफ मंदिरात गेले तेव्हा शुभवर्तमानात लूकनं कुठलं अर्पण लिहिलंय? कोकरू नव्हे, ते होले-पारव्यांचं, म्हणजे गरिबाघरचं. ज्या देवानं स्वतःच्या पोराला असल्या घरात पाठवलं, आणि वसुलीच्या नियमातच ऐपतीचं कलम घातलं, तो तुमच्या मालकांची बोटं व्याजात कापून घेतो म्हणायचं म्हणजे त्याला सावकाराच्या ओळीत बसवणं झालं.

तुम्ही विचारलंय देव असा आहे का. मला वाटतं हाच खरा प्रश्न, फॅन नुसता निमित्त. कारण देव कसा आहे हे आपण मनात काय धरलंय त्यावर सकाळी उठल्यापासूनचं सगळं चालतं, रविवारी तोंडानं काय म्हणतो त्यावर नाही. मत्तयच्या 25 मधली तीन चाकरांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. धन्यानं परगावी जाताना एकाकडं पाच तालंत सोपवले, एकाकडं दोन, एकाकडं एक. एक म्हणजे थोडं नव्हे हं, त्या काळी दिवसाच्या मजुरीला एक दिनार आणि तालंताला सुमारे 6000 दिनार धरतात, म्हणजे गड्याची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. तिसऱ्यानं ती खड्ड्यात पुरली. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो, धनी पण म्हणतोच तसं. पण तो स्वतः काय कारण देतो ते ऐका, म्हणतो, तुम्ही कठोर माणूस, जिथं पेरलं नाही तिथं कापणारे, म्हणून मी भ्यालो. बाकी दोघांचा धनी तोच होता की. त्यांना तो तसा दिसला नाही म्हणून ते बाजारात गेले, ह्याला दिसला म्हणून ह्यानं कुदळ घेतली. तुमचं गाणं कुठं गेलंय ताई, ते आता तुम्हाला कळलं असेल.

माझंही असंच होतं लहानपणी. संडेस्कूलला एक बाई होत्या, मनानं वाईट नव्हत्या, पण सांगायच्या की वर देव लाल शाईचा पेन घेऊन बसलाय आणि सगळं लिहितोय. मी कितीतरी वर्षं अंथरुणात तोंड पांघरुणात घालून प्रार्थना करायची, का तर त्याला दिसू नये. म्हणजे ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापासूनच लपायचं! पुढं नोकरीला लागल्यावर वह्या तपासताना लाल पेन हातात घेतला की अजूनही मला ते आठवायचं आणि हसू यायचं, पण तेव्हा हसू नव्हतं येत.

मला ज्यानं सोडवलं ते एक कन्नड वचन. आमच्याकडं मराठी उपासना संपली की त्याच बाकांवर कन्नड उपासना भरते, मी एकदा छत्री विसरले म्हणून परत आत गेले आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा 4 था अध्याय वाचणं चालू होतं. आपल्या मराठीत ‘देव प्रीती आहे’, ते ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं. कन्नडात ऐकलं ‘देवरु प्रीतिस्वरूपियु’. स्वरूप! म्हणजे प्रीती ही त्याची मधूनअधून येणारी लहर नाही, आज खूश आहे उद्या बघू असं नाही, तो घडलाय त्याचंच ते रूप. छत्री घ्यायची राहिलीच, तशीच भिजत घरी गेले.

तेव्हा फॅन द्या की, जरूर द्या. शब्द दिलाय तर पाळायचा, आणि मागच्या बाकांवर मे महिन्यात जीव जातो ते वेगळंच. पण औषधपाणी आणि फी आधी, फॅन सवडीनं, पाळकसाहेबांच्या कानावर घालून ठेवा, त्यांना काय ते समजतं. हप्ता चुकला म्हणून मात्र देऊ नका. आणि येत्या रविवारी गाणं म्हणा, आवाज फाटला तरी.

प्रश्न : माझी नात साडेचार वर्षांची. रात्री प्रार्थनेला बसली की ‘देवा, तू झोपलास काय?’ असं विचारते. मी म्हणते अगं आपण म्हण, तो देव आहे, तू-तुकारा काय करतीस. सून म्हणते राहू दे. कुणाचं बरोबर? — एक आजी, शहापूर, बेळगाव

आजी, सुनेचं. तुम्हाला वाईट वाटेल, पण प्रभूची प्रार्थना म्हणून बघा, ‘तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो’. कन्नडातही ‘निन्न’ म्हणजे तुझंच आहे, ‘निम्म’ म्हणजे तुमचं नाही. आपल्या जुन्या घरांतून वडिलांना अहो आणि आईला अगं, वडील ‘तुम्ही’, आई ‘तू’. देवाला पिता म्हणायला शिकवलं येशूनं, आणि मराठीत हाक मारताना मात्र सर्वनाम लागलं आईचं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला सरळ माउलीच म्हटलं, त्यात काही उगाच नव्हतं. यशयाच्या 49 व्या अध्यायात देव स्वतःच विचारतो, आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय, ती विसरली तरी मी विसरणार नाही.

धाक नको असं नाही हं. त्याच ओळीत ‘तुझे’ही आहे आणि ‘पवित्र’ही, दोन्ही एका श्वासात म्हणायचं असतं. पोरीला ‘पवित्र’ हळूहळू कळेल, घाई नाही.

आणि ‘झोपलास काय’ हे तर शास्त्रातलंच आहे! 44 वं स्तोत्र काढा, ‘जागा हो, का झोपलास’ असं मोठी माणसं ओरडतायत. मार्कच्या 4 थ्या अध्यायात वादळात नाव पाण्यानं भरत चाललीय आणि प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्य उठवतात तेव्हा तो ‘आपण म्हणा’ असलं काही म्हणत नाही, आधी वारा गप्प करतो. नातीला 121 वं स्तोत्र वाचून दाखवा, त्यात तो डुलकीसुद्धा घेत नाही म्हणून लिहिलंय. मग ती म्हणेल, मग मी झोपते.

प्रश्न : बाई, तुम्ही दर वेळी देव प्रेमळ, प्रेमळ लिहिता. माझं निपाणीत किराणा दुकान. आजूबाजूचे सगळे काट्यात वीस-तीस ग्रॅम मारतात, मीही मारतो, नाहीतर टिकत नाही. देव एवढा प्रेमळ आहे तर हे चालवून घेईल ना?

अण्णा, प्रश्न खरा विचारलात, लाजला नाहीत, हे आवडलं. पण प्रेमळ म्हणजे बावळट नव्हे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून एक बाई संध्याकाळी तुमच्याकडं पाव किलो डाळ घेते. 250 मधले 30 गेले म्हणजे जवळजवळ आठवा भाग गेला, तो तिच्या पोरांच्या ताटातनं गेला. आता तिचा आणि तुमचा बाप एकच असेल, आणि तो खरंच प्रेमळ असेल, तर त्यानं कुणाकडं बघून हसायचं सांगा. नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायाची पहिलीच ओळ खोट्या काट्याची आहे, देवाला त्याचा वीट येतो म्हणून. त्याचा न्याय हा त्याच्या प्रेमाचा सावत्र भाऊ नाही, तेच प्रेम त्या बाईच्या बाजूनं उभं राहिलं की आपल्याला न्याय म्हणून दिसतं.

टिकण्याचं काय ते मी दुकान चालवलेलं नाही, उगाच शहाणपण शिकवत नाही. पण जक्कयाची गोष्ट परत वाचा, लूक 19. तोही करवसुलीतला माणूस, हात मारलेलाच, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. येशूनं झाडाखाली उभं राहून त्याला हिशोब नाही विचारला, म्हणाला खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. आणि मग जक्कय आपणहून उभा राहून म्हणाला की कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. आधी पाहुणा घरात आला, हिशोब मागनं निघाला.

तुम्हाला चौपट सांगत नाही. उद्या शटर वर केलं की आधी काटा शून्यावर आणा, मग पहिलं गिऱ्हाईक घ्या.