तटस्थ, पण कोणत्या तटावर?

प्रश्न असा आला आहे: 'अल्पमतातलं सरकार एखादा पक्ष तटस्थ राहून वाचवतो, असं बातम्यांत म्हणतात. तटस्थ म्हणजे निष्पक्ष ना? मग वाचवतो कसा?'

निष्पक्ष मुळीच नाही. निष्पक्ष माणूस निवाडा देतो, तटस्थ तो देतच नाही. त्याहून वाईट म्हणजे 'पक्षाने तटस्थ मतदान केले' हे वाक्य. जो काठावर उभा राहिला त्याने मत दिलं कुठे? हे ऐकलं की डोकं उठतं.

कोशातले नेहमीचे अर्थ सोडून देतो. संस्कृतात तट म्हणजे उतार, नदीचा काठ. पाण्यात न उतरता काठावर उभा तो तटस्थ. आता मराठीत काय झालं बघा. आपण 'गावात दोन तट पडले' म्हणतो. म्हणजे तट हा गटही झाला! हा अर्थ किल्ल्याच्या तटावरून आला, असं सांगणारे जाणकार आहेत. मला ते साफ अमान्य आहे. तटबंदी गावाला एका कुंपणात घेते, दुभागत नाही. दुभागते ती नदी: काही या तीरावर, काही त्या तीरावर. 'तट पडणे' नदीकाठचंच, असं माझं ठाम मत आहे. आणि तसं असेल तर तटस्थाला विचारायलाच हवं, बाबा रे, कोणत्या तटावर?

विधानसभेत याचं उत्तर आकड्यांत मिळतं. संविधानाच्या कलम १८९ नुसार निर्णय होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने, अध्यक्ष वगळून. २०१४ साली महाराष्ट्रात २८८ पैकी भाजपचे १२२ निवडून आले. बाहेरून पाठिंबा देऊ करणाऱ्या राष्ट्रवादीचे होते ४१. अध्यक्ष सोडून उरलेल्या २८७ जणांनी मत दिलं तर १४४ लागतात. ते ४१ काठावर थांबले तर २४६ उरतात आणि १२४ पुरतात. एकही मत न देता वीस मतांचा आधार!

प्रत्यक्षात १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी मागितलेली मतविभागणी, म्हणजे बाजूनिहाय मतमोजणी, झाली नाही, त्यामुळे कोण कोणत्या काठावर होतं याची नोंदच राहिली नाही. 'हो' आणि 'नाही' यांच्या गलक्यात तटस्थाला आवाज नसतो.

'काठावरचं बहुमत' हा शब्दप्रयोगही याच नदीचा, पण त्याबद्दल पुन्हा कधी.