इंजिनीअर मुलगी कायदा शिकायचा म्हणते

प्रश्न : मी जळगावात सोन्याचे दागिने घडवतो. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिग्री झाली की तिने दुकानातलं थ्रीडी प्रिंटिंग सांभाळावं, अशी माझी इच्छा. ती म्हणते, आधी कायदा शिकते. मग इंजिनीअरिंगची वर्षं वायाच गेली ना?

भाऊ, अजिबात वाया जात नाहीत. तुमच्याच धंद्यातली अडचण पोरीने बरोबर हेरली आहे.

पूर्वी झुमक्याचा साचा तुमच्या कपाटात कुलपात असायचा. आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, प्रिंटर त्याचं रेझिनचं मॉडेल काढतो, ते प्लास्टरमध्ये बसवून भट्टीत जाळतात आणि राहिलेल्या पोकळीत सोनं ओततात. खरा ऐवज झाली ती फाइल. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गर्दीत काम उरकेना म्हणून ती व्हॉट्सॲपवर बाहेरच्या कास्टिंगवाल्याला (ओतकाम करणाऱ्याला) धाडली, की पुढे ती कुठे कुठे गेली याचा पत्ता लागत नाही.

कायदा आहे, पण तो वेळेवर माहीत असावा लागतो. 2000 च्या डिझाइन कायद्याने नोंदणी केली तर 10 वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर एकूण 15 वर्षं हक्क राहतो. अट अशी की डिझाइन नवं हवं आणि अर्जाआधी कुठे प्रसिद्ध झालेलं नको. आधी इन्स्टाग्रामवर फोटो आणि मागाहून अर्ज, असं केलं तर हक्क हातचा जातो. नोंदणीच केली नाही तर? 1957 चा कॉपीराइट कायदा म्हणतो, नोंदणी होऊ शकणाऱ्या डिझाइनचे नग औद्योगिक पद्धतीने 50 हून जास्त वेळा काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. कास्टिंगच्या एका झाडाला, म्हणजे एकाच वेळी ओतायला एका दांड्यावर जोडलेल्या मॉडेलांच्या जुडग्याला, किती नग लागतात, हे मी तुम्हाला काय सांगणार!

टुशीसारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले घाट मात्र कुणा एकाचे नाहीत. उद्या कुणी ते जसेच्या तसे स्वतःच्या नावावर करू पाहिले, तर हरकत घेणारं माणूस आपल्यातलं हवं.

मला सगळ्यात जास्त टोचते ती कारागिराची गोष्ट. हाताने मास्टर पीस (मूळ नमुना) घडवणाऱ्याचं काम स्कॅन होतं, शेकड्याने छापलं जातं आणि त्याच्या पदरात एकदाची मजुरी पडते. हक्क कुणाचा, पुढच्या विक्रीत वाटा किती, हे करारात आधी लिहून घ्यायला हवं. तसा करार लिहायला मशीनही कळावं लागतं आणि कायदाही.

दागिन्यांपुरतंच हे नाही. प्रिंट केलेला सुटा भाग तुटून कुणाला इजा झाली, तर जबाबदार कोण: फाइल बनवणारा, छापणारा की विकणारा? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, पण प्रिंटिंगच्या धंद्यात उत्पादक कुणाला म्हणायचं यावर वाद होणारच. 2013 मध्ये अमेरिकेत छापील पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर आली आणि सरकारला ती काढायला लावावी लागली. आपल्याकडे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, मग ते लेथवर बनवा नाहीतर प्रिंटरवर.

आता वाट. डिग्री आधी पूर्ण होऊ द्या. पेटंट एजंटच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या, परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी लागते, एलएलबी लागत नाही. ही परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही; 2018 नंतर ती थेट 2023 मध्ये झाली. म्हणून तिच्यावरच अडून न राहता एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घ्यावा. कोर्टात उभं राहायचं तर ते लागेलच. तोवर सुट्टीत दुकानातलं कास्टिंग तिने स्वतःच्या हाताने करावं. कोर्टात अशी कामाची प्रक्रिया समजावून सांगता येणारे वकील फार थोडे असतात.

आजच एक काम तिच्याकडे द्या. दुकानातल्या फाइलींची यादी करायची: कुणी काढली, कधी, कुणाला पाठवली, फोटो बाहेर गेला का. अजून कुणाला न दाखवलेलं एखादं डिझाइन सापडलं, तर त्याचा अर्ज तिलाच भरू द्या. तो ऑनलाइन होतो.