कोणते भयपट उगाच डोक्यावर घेतले गेले आणि कोणते अन्यायानं मागे पडले?

तुम्ही विचारलंय की गाजलेल्या भयपटांपैकी कोणते तेवढ्या कौतुकाच्या लायकीचे नाहीत, आणि कोणते चांगले असून लोकांनी पाहिलेच नाहीत. मी शाळेत असल्यापासून भयपट बघतेय, त्यामुळे मतं ठाम आहेत. ती कुठून येतात ते आधी सांगते.

माझं आजोळ कराडच्या बाजूचं. तिथं एखाद्या विहिरीला किंवा पडक्या वाड्याला बाधा आहे म्हटलं की पुढची गोष्ट भुताची नसायचीच. ती माणसांची असायची. कुणी कुणाची जमीन लाटली, कुठल्या सुनेनं विहीर जवळ केली, कुणाचं क्रियाकर्म झालंच नाही. भूत म्हणजे कुणाचं तरी येणं बाकी आहे, आणि ते वसूल झाल्याशिवाय जाणार नाही. माझ्या डोक्यात भयपटाची हीच कसोटी पक्की बसली आहे. भुताचं येणं काय आणि ते कुणाकडे, हे ज्या सिनेमाला ठाऊक असतं तो मला रात्री झोपू देत नाही.

या कसोटीवर 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) माझ्या लेखी जास्त कौतुक झालेला सिनेमा आहे. जेम्स वॉनचं कसब मी नाकारत नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना कपाटातून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजवतात, ते दृश्य अप्रतिमच आहे. पण पेरॉन कुटुंबानं कुणाचं काय वाईट केलंय? त्यांनी फक्त घर घेतलंय. चेटकिणीची हकिगत मध्येच सांगून उरकली जाते, मग तळघरात खुर्ची, चादर, आरडाओरडा, आणि शेवटी एका समुद्रकिनाऱ्याच्या गोड आठवणीवर सगळं मिटतं. एवढी जुनी बाधा एका आठवणीनं उतरत असेल तर तिचं मुळात देणं-घेणं काही नव्हतंच. पुढं यातूनच 'अ‍ॅनाबेल' आणि 'द नन'ची रांग लागली, आणि आधी शांतता, मग कानाशी धाडकन आवाज, एवढंच लोक भय समजायला लागले. दचकणं म्हणजे भिणं नव्हे. मागून येऊन कुणी 'भॉ' केलं तरी आपण दचकतो.

हिंदीत 'राज' (२००२). गाणी आजही तोंडावर आहेत, पण गाणी वजा केली की 'व्हॉट लाइज बिनीथ' या हॉलिवूडपटाचा सांगाडाच उरतो. आणि राम गोपाल वर्माचं नाव निघालं की सगळे 'भूत'बद्दल (२००३) बोलतात. उर्मिलाचं काम मलाही आवडतं. तरी त्याचाच 'रात' (१९९२) जास्त चांगला आहे आणि तो फारसा कुणी पाहिलेला नाही. गाडीखाली मांजराचं पिल्लू मरतं, घरचे ते पुरतात, आणि मग तसंच पिल्लू घरात पुन्हा फिरताना दिसतं. रेवती, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी अशी मंडळी आहेत, जरूर बघा.

'तुंबाड'ला मात्र आता दुर्लक्षित म्हणू नये. २०१८ मध्ये तो आला आणि गेला हे खरं, पण २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. नारायण धारपांच्या कथांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यातला पाऊस आणि वाडा ओळखीचाच वाटतो. माझा आवडता आहे, पण त्याला त्याचं मिळालंय.

आता मागे पडलेले. बाहेरच्यांपैकी एकच नाव घेते, 'द चेंजलिंग' (१९८०), दिग्दर्शक पीटर मेडॅक. बायको आणि मुलगी अपघातात गेलेला एक संगीतकार भल्यामोठ्या जुन्या घरात राहायला येतो. जिन्यावरून मुलीचा चेंडू टप्पे खात खाली येतो. तो उचलतो, गाडीनं पुलावर जातो आणि नदीत फेकून देतो. घरी परततो, दार लावतो. चेंडू पुन्हा जिन्यावरून खाली येतो, आणि या वेळी तो ओला असतो. एवढंच. वर त्या घरात भूत होऊन राहिलेल्या मुलाचं येणं चक्क वारसाहक्काचं आहे! आपल्याला हे वेगळं समजावून सांगायलाच नको.

'१३बी' (२००९) तमिळ आणि हिंदीत एकदमच केलेला. नवा फ्लॅट, दूध रोज नासतं, माधवनसाठी लिफ्ट चालत नाही, मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो त्या घरात वेडावाकडा येतो, आणि टीव्हीवरच्या मालिकेत याच घरात घडणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात. दुपारच्या भर उजेडात भीती उभी केली आहे.

मराठीत 'लपाछपी' (२०१७). विशाल फुरिया दिग्दर्शक, आठ महिन्यांची गरोदर नेहा म्हणजे पूजा सावंत, आणि उसाच्या मधोमध एक घर. त्यानंच पुढं हिंदीत 'छोरी' (२०२१) केला, तो देशभर पोचला, आणि मूळ मराठी सिनेमा आपल्याच लोकांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ऊस डोक्यावर गेला की आत शिरलेल्याला चार हातांपलीकडचं दिसत नाही. पात्यांनी हातावर बारीक रेघा उठतात आणि घाम लागला की चुरचुरतात. वारा पडलेला असतानाही आत कुठंतरी पाला सळसळतो, ते डुक्कर की माणूस हे बांधावरून कळत नाही. दिवेलागणीनंतर आजी आम्हाला त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. हा सिनेमा ते सगळं जाणतो. पण उसापेक्षा मला जास्त भीती वाटली ती उषा नाईकांच्या तुळसाबाईची, तिच्या मायेची. मी तो थेटरात पाहिला तेव्हा माझी वहिनी सातव्या महिन्यात होती आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या पोटाकडे बघून "यंदा कृष्णच येणार" म्हणत होती. प्रेमानंच म्हणत होत्या. सिनेमातलं भय 'मुलगाच हवा' या हट्टाचंच आहे, त्यामुळे त्या दिवशी घरी आल्यावर ते वाक्य मला ऐकवेना. शेवटाकडे सिनेमा फार समजावून सांगतो, तेवढं मात्र खटकतं.

एकच बघणार असाल तर 'गहराई' (१९८०) बघा. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा, लेखनात विजय तेंडुलकरांचाही हात. बेंगळुरूचे एक गृहस्थ गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतात. ती आयुष्यभर राखणाऱ्या गड्याला तो मातीवरचा घाव वाटतो, यांना तो निव्वळ व्यवहार वाटतो. मग घरातली शाळकरी मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे, वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. वडील डॉ. श्रीराम लागू. प्रत्यक्षात कट्टर बुद्धिवादी असलेला हा माणूस इथंही डॉक्टरांवर भिस्त ठेवणारा, मांत्रिकांना हाकलणारा बाप आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक नकार आपल्याला पटतो. आणि मुलीच्या तोंडून त्याचं जुनं प्रकरण सगळ्या घरासमोर बाहेर पडतं तेव्हा ना दार आपटतं, ना वीज कडाडते. बायको त्याच्याकडे बघते, मुलगा बघतो, आणि लागूंना कुणाकडे बघावं ते कळत नाही.