केबल, निपल आणि डाख: वाचकांचे प्रश्न

कार्बोरेटरच्या साफसफाईवर या सदरात लिहिल्यापासून वाचकांच्या पत्रांचा रोख कार्बोरेटरपर्यंत येणाऱ्या केबलकडे वळला आहे. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती. येथे प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे.

प्रश्न: माझ्या जुन्या मोटरसायकलची थ्रॉटल केबल मुठीकडच्या टोकाला, निपलच्या (तारेच्या टोकावरच्या धातूच्या बोंडाच्या) अगदी मुळाशी तुटली. बाकीची तार नव्यासारखी आहे. स्क्रूने आवळून बसवायचे तयार निपल माझ्याजवळ आहे. मित्र म्हणतात, खुशाल लावा. नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, त्याला हातही लावू नका. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघांचेही अर्धे-अर्धे ऐकावे. स्क्रूचे निपल म्हणजे बोटाच्या पेराहून लहान असा पितळेचा किंवा पोलादाचा तुकडा. त्याच्या आरपार भोकातून तार जाते आणि आडव्या भोकातला स्क्रू तिला दाबून धरतो. थ्रॉटलच्या तारेवर फार ताण नसतो. कार्बोरेटरमधल्या स्लाइडची, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या झडपेची, स्प्रिंग दबेल एवढाच तो असतो, त्यामुळे नीट आवळलेला स्क्रू तो पेलतो. समजा तार निसटलीच, तर स्प्रिंग स्लाइडला खाली ढकलते, इंजिन आयडलवर, म्हणजे मूठ सोडल्यावरच्या संथ गतीवर, येते आणि गाडीचा वेग उतरतो. गैरसोय होते, पण गाडी हाताबाहेर जात नाही.

म्हणून या निपलची खरी भीती निसटण्याची नाही, अडकण्याची आहे. मूळ निपल मुठीच्या खोबणीत नेमके मावते. स्क्रूचे निपल बहुधा किंचित मोठे असते आणि स्क्रूचे डोके बाहेर डोकावते. ते डोके मुठीच्या घराच्या कडेला अडले, किंवा तारेचा मोकळा राहिलेला एखादा पदर आत गुंतला, तर मूठ सोडल्यावरही थ्रॉटल उघडाच राहतो. निपल बसवल्यावर इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळावी आणि सोडून द्यावी; ती आपणहून झटकन परत आली पाहिजे. हीच तपासणी हँडल सरळ ठेवून, मग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून करावी. तिन्हींपैकी एका जागी जरी मूठ रेंगाळली, तरी ते निपल काढून टाकावे. कार्बोरेटरच्या आतल्या टोकाला तर स्क्रूचे निपल मी कधीच लावू देणार नाही, कारण तेथे सैल होऊन पडलेला स्क्रू थेट इंजिनात ओढला जाऊ शकतो.

लांबीचा हिशेब बरेचजण विसरतात. तुटलेले टोक छाटून नवे निपल लावले की तार, समजा, 12 मिलिमीटरने आखूड होते. बाहेरचे आवरण मात्र होते तेवढेच राहते. मग थ्रॉटल मुळातच थोडा ओढलेला राहतो आणि इंजिन आयडलवर येत नाही. ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण जुळवण्याचा स्क्रू, पूर्ण आत फिरवून काही मिलिमीटर मिळतात. उरलेली लांबी आवरणातूनच तेवढ्याच मापाने छाटावी लागते. मात्र हँडल पूर्ण वळवल्यावर आखूड झालेले आवरण ताणले जात नाही ना, हे छाटण्यापूर्वी धरून पाहावे. शेवटी मुठीला 2 ते 3 मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर ते प्रमाण मानावे.

थोडक्यात, घरी पोहोचण्यापुरते स्क्रूचे निपल चांगले. नंतर डाख (सोल्डर) देऊन निपल बसवावे किंवा केबल बदलावी.

प्रश्न: डाख देऊन निपल बसवण्याचा प्रयत्न मी तीनदा केला. दिसायला काम सुंदर होते, पण लिव्हर दाबताच तार निपलमधून अलगद बाहेर येते. चूक कोठे होत असावी?

उत्तर: आपण तार निपलमध्ये सरळ घालून वर डाख ओतत असणार. तसे केले तर सारा भार डाखाच्या पातळ थरावर येतो, आणि कथील-शिशाचा डाख एवढा भार सोसणारा धातू नाही. निपलच्या ज्या तोंडाला भोक शंकूसारखे रुंद केलेले असते, ते तोंड तारेच्या मोकळ्या टोकाकडे ठेवावे. तार त्यातून तीन-चार मिलिमीटर बाहेर काढून तिचे पदर उलगडावेत आणि फुलाच्या पाकळ्यांसारखे बाहेर वाकवावेत. मग तार मागे ओढली की फुललेले टोक शंकूत बसते, आणि डाख भरल्यावर तेथे एक पाचर तयार होते. तार ओढावी तितकी ती पाचर घट्ट होते. काही स्वस्त निपलना हा शंकू नसतोच. अशा निपलच्या भोकाचे तोंड जाड ड्रिलने थोडे रुंद करून घ्यावे.

दुसरी चूक फ्लक्सची, म्हणजे डाख धरावा म्हणून आधी लावायच्या द्रव्याची, असू शकते. रेडिओ दुरुस्तीला वापरतात ती राळ पोलादावर पुरी पडत नाही. झिंक क्लोराइडचा फ्लक्स लागतो. तार स्टेनलेस स्टीलची असेल तर खास त्यासाठीचा, अधिक तीव्र आम्लाचा फ्लक्स घ्यावा, आणि धूर अंगावर येणार नाही अशा मोकळ्या जागी काम करावे. तारेतले तेल आधी पेट्रोलने किंवा थिनरने धुऊन तार पूर्ण वाळवावी, आणि पेट्रोलची बाटली दूर ठेवल्यावरच आच पेटवावी. तेल राहिले तर डाख वरवर चमकतो आणि आत शिरत नाही. आपल्या ‘सुंदर’ दिसणाऱ्या कामाचे रहस्य बहुधा हेच असावे.

आच निपलला द्यावी, तारेला नव्हे. 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे असलेला डाख 183 ते 190 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, आणि एवढ्या उष्णतेने तारेच्या पोलादाचे काही बिघडत नाही. याउलट गॅसच्या ज्योतीने तार लाल झाली, तर पोलादाचा कडकपणा उतरतो आणि ती त्या जागी मऊ पडते. वितळलेल्या डाखाच्या लहान वाटीत निपल बुडवून काढणे हा सर्वांत समान उष्णता देणारा मार्ग आहे. मात्र डाख निपलच्या दुसऱ्या तोंडातून तारेवर लांबवर चढू देऊ नये. तो चढला की तेवढी तार सळईसारखी ताठ होते आणि ताठ भाग जेथे संपतो तेथेच पुढच्या वेळी तुटते. सांधा न हलवता निवू द्यावा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने फ्लक्स धुऊन काढावा, तार वाळवून तिला तेल लावावे आणि वर आलेला डाख कानशीने घासून निपलला मूळ आकार द्यावा. केबल गाडीवर चढवण्यापूर्वी निपल व्हाइसच्या जबड्यांत अडकवून तार पकडीने जोर लावून ओढावी. निसटायची असेल तर ती तेथेच निसटू द्यावी.

प्रश्न: गवत कापण्याच्या यंत्राची थ्रॉटल तार मधोमध तुटली. विजेच्या कनेक्टरमधला दोन स्क्रूंचा पितळी तुकडा काढून त्यात दोन्ही टोके आवळली आहेत. हा जुगाड टिकेल का?

उत्तर: तो तुकडा उघड्या तारेवर असेल, आणि थ्रॉटल पूर्ण ओढला तरी आवरणाच्या तोंडाला टेकत नसेल, तर काही दिवस टिकेल. तार एकसंध, म्हणजे एकाच जाड सळईची असेल, तर बराच काळही टिकेल. पिळाच्या तारेत मात्र स्क्रूचे टोक एकेक पदर कापत जाते. टोकांवर डाख चढवून मग स्क्रू आवळण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. पण दाबाखाली डाख हळूहळू सरकतो आणि स्क्रू सैल पडतो. त्यापेक्षा प्रत्येक टोकावर तांब्याच्या पातळ नळीचा तुकडा चढवून त्यावर स्क्रू आवळावा. नळी चेपते आणि पदर शाबूत राहतात. तार आवरणाच्या आत तुटली असेल, तर हा उद्योग करूच नये. तेथे नवी तारच हवी.

प्रश्न: केबलचे प्लास्टिक सायलेन्सरला लागून वितळले आणि आवरणातली पोलादी वेटोळी दिसू लागली. चिकटपट्टी गुंडाळली, तरी क्लच स्पंजासारखा लागतो. तार तर शाबूत आहे!

उत्तर: तार शाबूत आहे, पण केबलचे अर्धे काम आवरण करते. या केबलचे पेटंट अर्नेस्ट बोडेन यांनी 1896 साली घेतले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिची सगळी करामत अशी, की आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने बाहेरचे आवरण दाबले जाते. आवरणातली वेटोळी एकमेकांना चिकटून असली तरच ते दाब सोसते. आपल्या केबलची वेटोळी त्या जागी फाकली आहेत. लिव्हर दाबली की आधी त्या फटी मिटतात आणि मगच क्लच हलतो. चिकटपट्टी पाणी अडवील, दाब नाही.

खराब भाग टोकाजवळ असेल, तर तेवढा छाटून नवी धातूची टोपी बसवावी आणि वर सांगितलेला लांबीचा हिशेब करावा. तो मधे असेल, तर खराब तुकडा काढून दोन्ही टोके आवरणावर घट्ट बसणाऱ्या धातूच्या नळीत समोरासमोर टेकवावीत; सांध्यावर फक्त दाब येत असल्याने तो चांगला टिकतो. हे करताना आतली तार आधी बाहेर काढावी. आवरण पकडीने चेपत तोडू नये, कापणीच्या चकतीने किंवा बारीक दात्यांच्या करवतीने कापावे, कानशीने टोक काटकोनात सपाट करावे, आणि आत वळलेली धार किंवा मिटलेले अस्तर दाभणाने उघडावे. आतली ती एक धार नव्या तारेला काही दिवसांत खाते. सांधा झाल्यावर केबलचा मार्गही बदलावा, नाहीतर सायलेन्सर तेथेच आहे.

ब्रेकच्या केबलविषयीही आपण विचारले आहे. तिला स्क्रूचे निपल नको, घरी दिलेला डाखही नको. तेथे तार निसटली तर गाडी थांबतच नाही.

प्रश्न: क्लचची केबल दर काही महिन्यांनी लिव्हरपाशी तुटते. प्रत्येक वेळी चांगली केबल घेतो. तेल रोज घालावे काय?

उत्तर: तारेला रोज तेल नको. आवरणाला आतून नायलॉनचे अस्तर असेल तर तेलाची फारशी गरजच नसते, आणि घट्ट ग्रीस भरले तर धूळ धरून केबल उलट जड चालते. तेल हवे आहे ते निपलला. लिव्हर फिरते तेव्हा निपलनेही आपल्या खाचेत थोडे फिरायचे असते. खाच कोरडी, गंजलेली किंवा रंगाने भरलेली असली की निपल जागीच अडते आणि वळण तारेवर येते. क्लच दर वेळी दाबताना निपलच्या तोंडाशी तार पुढे-मागे वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. क्लच दोन-चार दिवसांतच पुन्हा पुन्हा ॲडजस्ट करावा लागू लागला, तर पदर तुटू लागले आहेत असे समजून निपल बाहेर काढून पाहावे.

नवी केबल बसवण्यापूर्वी निपल नुसते खाचेत ठेवून बोटाने फिरवून पाहावे. अडत असेल तर खाच पॉलिश पेपरने साफ करावी, तिच्या काठावर धार आली असेल तर ती घासून काढावी आणि निपलला ग्रीसचा ठिपका लावावा. लिव्हर आपल्या खिळीवर वर-खाली डुलत असेल, तर तार तिरकी ओढली जाते; तेव्हा आधी लिव्हरची खिळ आणि बुश बदलावे, मगच केबल.