क्रंचेस मारून पण पोट तसंच!

प्रश्न : ताई, वय 36, पणजीत ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून असतो. हातपाय बारीक पण पँटचं बटण लागत नाही, रोज शंभर क्रंचेस मारतो तरी फरक शून्य. काय करू? - एक वाचक, पर्वरी

उत्तर : अहो, क्रंचेसनी आतले स्नायू घट्ट होतात, वरची चरबी तिथूनच उतरते असं नसतं, ती सगळ्या अंगाची मिळून उतरते. आधी टेपने बेंबीच्या लेव्हलला मोजा (पँटचा साईझ सांगू नका, ती खाली सरकवून घालतात सगळे), पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर गेलं की सावध. आता आपल्याकडे सगळ्यांचं तेच, सकाळी पातळभाजी-पाव, वर मिर्ची भजी, दुपारी शीत-कढीचा (भात-कढीचा) डोंगर, पाचला गोड चहा नि बन, एवढं खाऊन आठ तास खुर्चीत बसल्यावर जाणार कुठे ते? मासे सोडू नका हां! बांगडा तळण्यापेक्षा भाजून खा, भात एकच मूद, पावाऐवजी पोई (आपला गोव्याचा कोंड्याचा पाव). शनिवारची बिअर पण हिशेबात धरा, अल्कोहोलच्या एका ग्रॅमला 7 कॅलरी असतात. मिरामारच्या किनाऱ्यावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला, दोन दिवस स्क्वॉट्स-पुशअप्स. आणि शुगर एकदा तपासून घ्या.