रडारच्या चित्रात तेल काळे का दिसते?

प्रश्न : उपग्रहांवरील रडार रात्री आणि ढगांतूनही समुद्र, बर्फ व जमीन यांची चित्रे घेते, असे वाचले. मग समुद्रात सांडलेले तेल या चित्रांत काळे का दिसते? आणि इतक्या उंचीवरून बारकावे टिपण्यासाठी अँटेना केवढी लागते?

उत्तर : रडार स्वतःच सूक्ष्मलहरींचे स्पंद तिरकस दिशेने खाली सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजते, त्यामुळे चित्रातील उजळपणा पृष्ठभागाचा रंग सांगत नाही, तर तेथून किती ऊर्जा उपग्रहाकडे उलटली ते सांगतो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची लहरलांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर आहे. ढगांतील थेंब त्या मानाने अतिसूक्ष्म असल्याने त्यांचा अडथळा जवळपास होत नाही.

संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरून परावर्तित व्हावी तशी पुढे निघून जाते. वाऱ्याने उठलेल्या काही सेंटिमीटरांच्या बारीक लाटा मात्र तिचा काही भाग मागे परतवतात, आणि तेलाचा तवंग नेमक्या याच लाटा दाबून टाकतो. अर्थात वारा पडला तरी पाणी असेच काळे दिसते, म्हणून केवळ काळा डाग पाहून तेलगळतीचा निष्कर्ष काढणे मला उतावळेपणाचे वाटते; वाऱ्याच्या नोंदी आणि डागाचा आकार तपासावाच लागतो.

समुद्री बर्फाची गोष्ट निराळी आहे. उन्हाळा काढलेल्या जुन्या बर्फातील मीठ बरेचसे निथळलेले असते, त्यामुळे लहर आत शिरून हवेच्या बुडबुड्यांवरून विखुरते आणि हिवाळ्यातील चित्रांत तो नव्या, खारट बर्फापेक्षा सहसा उजळ दिसतो. जमिनीवर दोन वेळच्या प्रतिध्वनींच्या कलांची, म्हणजे लहर तिच्या चढउताराच्या चक्रात नेमकी कुठे आहे त्या स्थितींची, तुलना करून भूकंपाने झालेले सेंटिमीटरभर सरकणेही मोजता येते.

आता अँटेनाविषयी. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून या लहरलांबीत १० मीटरचे बारकावे थेट टिपायचे, तर कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना लागेल. सेंटिनेल-१ वरील अँटेना सुमारे १२ मीटरचीच आहे. उपग्रह पुढे सरकत असताना एकाच जागेवरून आलेले अनेक प्रतिध्वनी साठवून, त्यांतील डॉप्लर बदलांच्या (उपग्रहाच्या गतीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकांच्या) आधारे गणिताने एकत्र केले, की तेवढ्या लांब अँटेनाचे काम साधते. अमेरिकी अभियंते कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही कल्पना १९७८ च्या सीसॅट उपग्रहाने समुद्रनिरीक्षणासाठी अवकाशात नेली. या पद्धतीत अँटेना जितकी आखूड, तितके बारकावे तत्त्वतः अधिक मिळतात. परंतु प्रतिध्वनी क्षीण होतो आणि स्पंद अधिक झपाट्याने सोडावे लागत असल्याने एका फेरीत दिसणारा पट्टा अरुंद होतो.